सेंट्रल कन्सोलवरून अँटिव्हायरसची नवी आवृत्ती सर्व संगणकांवर नेताना

सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन या अँटिव्हायरसच्या मॅनेजर कन्सोलवरून, म्हणजे सगळ्या संगणकांवरचा अँटिव्हायरस एका जागेवरून सांभाळणाऱ्या पडद्यावरून, तीनशे संगणकांना नवी आवृत्ती द्यायची असेल, तर त्यासाठी लागणारे क्लिक हाताच्या बोटांवर मोजता येतात. खरे काम असते ते त्या क्लिकच्या आधीचे आणि नंतरचे. कोणत्या संगणकाला आधी आणि कोणत्याला शेवटी हात लावायचा, मध्ये किती दिवस थांबायचे, आणि एखाद्या टप्प्यावर काही बिघडले तर तो बिघाड पाच-सात यंत्रांपुरताच कसा अडवायचा, हे कन्सोल सांगत नाही. ते कन्सोल चालवणाऱ्यानेच ठरवावे लागते.

येथे डोळ्यासमोर आहे ती मुख्य कार्यालय आणि तालुक्यांच्या गावी पसरलेल्या शाखा असलेली संस्था, उदाहरणार्थ एखादी नागरी सहकारी बँक. उदाहरणासाठी सिमँटेकचे उत्पादन घेतले आहे. २०१९ पासून ते ब्रॉडकॉमच्या मालकीचे आहे. आपल्याकडे पुण्याच्या क्विक हीलचे सेक्राइट असेल किंवा ट्रेंड मायक्रो, तर मेनूंची नावे बदलतील, कामाचा क्रम मात्र फारसा बदलणार नाही.

अपडेट आणि अपग्रेड

बोलताना आपण सगळ्यालाच ‘अपडेट’ म्हणतो, पण कन्सोलच्या दृष्टीने त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डेफिनिशन म्हणजे नव्या व्हायरसची ओळख सांगणारा मजकूर. तो दिवसातून अनेकदा येतो आणि सहसा रीस्टार्ट मागत नाही. अपग्रेडमध्ये मूळ प्रोग्रॅमच बदलतो, विंडोजच्या गाभ्यात बसणारे ड्रायव्हर बदलतात, आणि म्हणून यंत्र रीस्टार्ट झाल्याखेरीज नवी आवृत्ती पुरती कामाला लागत नाही.

‘डेफिनिशन रोज येत आहेत ना, मग आवृत्ती जुनी असली तर काय बिघडले?’ हा प्रश्न व्यवस्थापनाकडून हमखास येतो, आणि त्याचे उत्तर हाताशी असावे. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने २०१६ मध्ये सिमँटेकच्या स्कॅन इंजिनातच गंभीर त्रुटी दाखवून दिल्या होत्या. आक्रसलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइली उलगडून तपासण्याचे काम हे इंजिन विंडोजवर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, करत होते, त्यामुळे खास रचलेली फाइल ईमेलने नुसती येऊन पडली तरी, ती कोणी उघडलेली नसतानाही, हल्लेखोराला यंत्राचा ताबा मिळू शकत होता. काही उत्पादनांना त्यावरची दुरुस्ती आपोआप मिळाली, पण काहींसाठी प्रशासकाला स्वतः नवी आवृत्ती बसवावी लागली. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहतो आणि सर्वोच्च अधिकाराने चालतो. तो स्वतःच जुना राहिला तर धोका इतर कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा जास्त.

आधी सर्व्हर

मॅनेजरची (सर्व्हरवर चालणाऱ्या मध्यवर्ती प्रोग्रॅमची) आवृत्ती आधी वाढवायची आणि क्लायंटची (प्रत्येक संगणकावर बसलेल्या अँटिव्हायरसची) त्यानंतर, हा क्रम उलटा करू नये. नवा मॅनेजर जुन्या क्लायंटना सांभाळून घेतो. जुन्या मॅनेजरला नव्या क्लायंटमधील सुविधांची माहितीच नसते. सर्व्हरचे काम चालू असताना मॅनेजरच्या सेवा बंद राहतात आणि नवख्या प्रशासकाला त्याचीच धास्ती वाटते. तेवढ्या वेळात शाखांमधील संगणक उघडे पडत नाहीत. प्रत्येक क्लायंट त्याच्याकडे असलेल्या शेवटच्या पॉलिसीवर (मॅनेजरने दिलेल्या नियमांवर) आणि डेफिनिशनवर काम करत राहतो, आणि सर्व्हर परत आला की पुढच्या हार्टबीटला, म्हणजे ठरावीक वेळाने होणाऱ्या संपर्काला, पुन्हा जोडला जातो.

सर्व्हरला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी त्या यंत्राच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवाव्यात. पहिली, डेटाबेसचा ताजा बॅकअप; त्यासाठी मॅनेजरसोबतच बॅकअप व रिस्टोअरचे साधन मिळते. दुसरी, ‘सर्व्हर प्रायव्हेट की बॅकअप’ या फोल्डरमधील रिकव्हरी फाइल. ही फाइल हरवली आणि सर्व्हर नव्याने उभारावा लागला, तर क्लायंट त्या नव्या सर्व्हरला आपला मानत नाहीत आणि प्रत्येक संगणकाची सर्व्हरशी जोडणी नव्याने करून द्यावी लागते. तिसरी, सध्या चालू असलेल्या आवृत्तीचे क्लायंट पॅकेज (क्लायंट बसवण्याची तयार फाइल), एक्स्पोर्ट करून. सर्व्हर व्हर्च्युअल यंत्रावर असेल तर स्नॅपशॉटही (त्या क्षणीच्या पूर्ण यंत्राची साठवलेली स्थिती) घ्यावा, पण स्नॅपशॉट आहे म्हणून बॅकअप टाळू नये.

एकाहून अधिक साइट (स्वतंत्र डेटाबेस असलेली मॅनेजरची ठिकाणे) असतील आणि त्यांच्यात रेप्लिकेशन (माहितीची आपोआप देवाणघेवाण) चालू असेल, तर ते आधी थांबवावे आणि सर्व साइट एकाच आवृत्तीवर आल्यानंतर पुन्हा सुरू करावे. मॅनेजर १४.३ आरयू१ या आवृत्तीच्या आधीचा असेल आणि त्याच्यासोबत आलेला अंतर्गत डेटाबेसच वापरात असेल, तर आणखी एक मोठा बदल होतो: त्या डेटाबेसची जागा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस घेतो आणि जुनी माहिती त्यात हलवली जाते. त्यासाठी डिस्कवर मोकळी जागा लागते, वेळ लागतो, आणि सर्व्हरवरचे विंडोज फारच जुने असेल तर गाडी तिथेच अडते. ‘रिलीज नोट्स’ आणि ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ ही दोन पाने या टप्प्यावर पूर्ण वाचावीत, चाळू नयेत.

लॉगचाही, म्हणजे प्रणालीतील घडामोडींच्या नोंदींचाही, विचार आधीच करावा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. मॅनेजरमधील लॉग किती दिवसांनी पुसले जातात ते पाहावे आणि अपग्रेडपूर्वी जुने लॉग बाहेर काढून ठेवावेत. पुढे तपासणीच्या वेळी ‘अपग्रेडमध्ये गेले’ हे उत्तर चालत नाही.

यादी साफ करणे

सर्व्हर स्थिरावला की क्लायंटकडे वळण्याआधी कन्सोलमधील यादी खरी आहे का ते पाहावे. भंगारात गेलेले संगणक यादीत तसेच असतात, नाव बदललेले संगणक दोनदा दिसतात, आणि काही संगणक मुळात यादीत नसतातच. किती दिवस संपर्कात नसलेले क्लायंट यादीतून काढायचे याची सेटिंग डोमेनच्या गुणधर्मांत असते. ती आपल्या संस्थेच्या वास्तवाला धरून ठेवावी. महिना-महिना फिरतीवर असणाऱ्या वसुली अधिकाऱ्याचा लॅपटॉप यादीतून गळू नये, इतपत सैल असलेली बरी.

एक जुने दुखणे येथे हमखास सापडते. एका संगणकावर अँटिव्हायरससह सगळे बसवून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा (इमेज) पंचवीस संगणकांवर उतरवली गेली असेल, तर त्या पंचवीसही संगणकांचा हार्डवेअर आयडी एकच असतो. कन्सोलमध्ये त्यांच्यासाठी एकच नोंद दिसते आणि तिचे नाव तासागणिक बदलत राहते. असे संगणक मोजणीत येत नाहीत आणि अपग्रेडच्या अहवालाला अर्थ राहत नाही. क्लोन केलेल्या प्रतिमा दुरुस्त करण्याचे साधन उत्पादकाकडे मिळते. ते आधी चालवून मगच पुढे जावे.

यादीची तुलना मालमत्ता नोंदवहीशी किंवा निदान अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी (विंडोज नेटवर्कमधील संगणक व वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदीशी) करावी. तुलना कंटाळवाणी असते, पण ज्या संगणकावर अँटिव्हायरसच नाही तो कन्सोलच्या कोणत्याही अहवालात लाल दिसत नाही. तो दिसतच नाही.

त्याच बैठकीत विंडोजच्या आवृत्त्याही नोंदवून घ्याव्यात. विंडोज ७ चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळणे, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, तरी दोन्ही अजून शाखांमध्ये आढळतात. अडचण अशी की अलीकडच्या अँटिव्हायरसच्या फाइलींवर ज्या पद्धतीची डिजिटल सही असते, ती ओळखण्यासाठी विंडोजमध्येच विशिष्ट अपडेट आधी असावे लागतात. विंडोज ७ ला एसएचए-२ या पद्धतीच्या सहीसाठी केबी४४७४४१९ हे अपडेट लागते. अझूर कोड सायनिंग या मायक्रोसॉफ्टच्या सही करण्याच्या सेवेसाठी कोणत्या विंडोजला कोणते अपडेट हवे ते मायक्रोसॉफ्टने केबी५०२२६६१ या लेखात दिले आहे. हे नसेल तर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पूर्ण होते आणि सेवा सुरू होत नाही. म्हणून ज्या संगणकांवर विंडोज अपडेट वर्षभर झालेले नाही, त्यांचा वेगळा गट करून आधी त्यांचे विंडोज मार्गी लावावे.

चाचणीचा गट

पहिला गट आयटी विभागाच्या पाच संगणकांचा करण्याचा मोह सर्वांनाच होतो. या यंत्रांवर स्मृती भरपूर असते, विंडोज ताजे असते आणि वापरणारा जाणकार असतो. त्यांच्यावर सगळे सुरळीत चालले यावरून शाखेतील रोखपालाच्या संगणकाबद्दल काहीच कळत नाही. चाचणीच्या गटात संस्थेतील अडचणीची यंत्रे हवीत: पासबुक प्रिंटर जोडलेला एक संगणक, चेक स्कॅनरचा एक, टॅली चालणारा एक, अंगठ्याच्या ठशाचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन लावलेला एक, ४ जीबी स्मृतीचा सर्वांत जुना एक, आणि सर्वांत मंद जोडणीच्या शाखेतील एक. प्रत्येक यंत्राच्या वापरकर्त्याला आधी सांगावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा.

या गटाला किमान एक पूर्ण कामकाजाचा आठवडा द्यावा, असे माझे मत आहे. दोन दिवसांत ड्रायव्हरची भांडणे कळतात. सोमवारची गर्दी, आठवड्याचे पूर्ण स्कॅन, दिवसाखेरचे बॅच काम यांतून होणारा त्रास कळायला आठवडाच लागतो. त्यानंतर दुसरा गट सुमारे दहा टक्के संगणकांचा, त्यात प्रत्येक शाखेतील एकदोन; मग तिसरा गट उरलेल्यांचा, शाखाशाखांनी विभागून. एका शाखेतील सगळे संगणक एकाच दिवशी घेऊ नयेत, म्हणजे काही अडले तरी काउंटर बंद पडत नाही.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. नव्या आवृत्तीबाबत सगळेच अशी काळजी घेतात, रोजच्या डेफिनिशनबाबत मात्र कोणी घेत नाही. आणि या क्षेत्रातले दोन गाजलेले अपघात नेमके त्या रोजच्या वाटेनेच आले. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या डेफिनिशन फाइलने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधील एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली आणि संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी डेफिनिशनसारख्या मजकुराची एक फाइल जगभर पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर जाऊन बंद पडली. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मजकुराच्या साच्यात २१ रकाने होते आणि यंत्रावरील प्रोग्रॅम २० च मूल्ये पुरवत होता, एवढ्याशा तफावतीने हे घडले. ज्या ग्राहकांनी धोरण म्हणून एक आवृत्ती मागे राहणे पसंत केले होते, त्यांनाही त्याचा उपयोग झाला नाही, कारण ती सेटिंग प्रोग्रॅमच्या आवृत्तीला लागू होती, मजकुराला नव्हे.

म्हणून जो चाचणीचा गट केला आहे तो अपग्रेड संपल्यावर मोडू नये. लाइव्हअपडेट या डेफिनिशन पोहोचवणाऱ्या सोयीत मजकुराची पॉलिसी गटागटाला वेगळी देता येते. चाचणी गटाला नवी डेफिनिशन लगेच आणि महत्त्वाच्या सर्व्हरना काही तासांच्या अंतराने, अशी व्यवस्था ठेवावी. हे अंतर दिवसांवर मात्र जाऊ देऊ नये, नाहीतर जपण्याच्या नादात संरक्षणच शिळे होते. मॅनेजरवर डेफिनिशनच्या मागच्या काही आवृत्त्या साठवून ठेवण्याची संख्याही पाहून घ्यावी. एखादी आवृत्ती सदोष निघाली तर गटाला मागच्या विशिष्ट आवृत्तीवर बांधून ठेवता येते.

पॅकेज आणि जोडणी

नवे क्लायंट पॅकेज मॅनेजरच्या अपग्रेडसोबतच येते आणि ‘अ‍ॅडमिन’मधील ‘इन्स्टॉल पॅकेजेस’ येथे दिसते. तेथूनच ‘अपग्रेड क्लायंट्स विथ पॅकेज’ हा विझार्ड चालतो. किंवा ‘क्लायंट्स’मध्ये गट निवडून त्याच्या ‘इन्स्टॉल पॅकेजेस’ या टॅबवरून पॅकेज जोडता येते. मला दुसरी वाट बरी वाटते, कारण तीत एका वेळी एकच गट डोळ्यासमोर राहतो आणि घाईत भलत्या गटावर खूण पडण्याची शक्यता कमी होते.

पॅकेज जोडताना सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे ‘मेंटेन एक्झिस्टिंग क्लायंट फीचर्स व्हेन अपडेटिंग’. ती असेल तर संगणकावर आज जे घटक आहेत तेच नव्या आवृत्तीत राहतात. ती काढली आणि घटकांचा पूर्ण संच निवडला, तर ज्या शाखेत फायरवॉलचा घटक कधीच बसवलेला नव्हता तेथे तो अचानक अवतरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक प्रिंटर किंवा टॅलीचा डेटा दिसेनासा होतो. नवे घटक द्यायचेच असतील तर ते आवृत्ती स्थिरावल्यानंतर, वेगळे काम म्हणून द्यावेत. एका वेळी दोन बदल केले की दोष कोणाचा हे शोधताना दोन्हींवर संशय येतो.

आता जोडणीचा हिशेब. समजा पॅकेज १५० एमबीचे आहे, शाखेत ४० संगणक आहेत आणि मुख्य कार्यालयाशी ४ एमबीपीएसची लाइन आहे. ४० प्रतींचे ६,००० एमबी, म्हणजे ४८,००० मेगाबिट. ते ४ ने भागले की १२,००० सेकंद, अर्थात ३ तास २० मिनिटे. एवढा वेळ लाइनवर दुसरे काहीही चालत नाही असे धरले तरच हा आकडा खरा. प्रत्यक्षात त्याच लाइनवर कोअर बँकिंग चालत असते आणि काउंटरवर रांग उभी असते.

शाखेत ग्रुप अपडेट प्रोव्हायडर नेमलेला असतो, म्हणून निश्चिंत राहण्याची चूक होऊ शकते. तो शाखेतील एका संगणकावरून बाकीच्यांना डेफिनिशन वाटतो, इन्स्टॉलेशनचे पूर्ण पॅकेज त्याच्यामार्फत जात नाही. पॅकेजसाठी पर्याय असा की ते मॅनेजरऐवजी दिलेल्या वेब पत्त्यावरून उतरवावे, असे त्याच खिडकीत सांगता येते. मोठ्या शाखेतील एका यंत्रावर साधा वेब सर्व्हर चालू करून, पॅकेजची एकच प्रत रात्री तेथे नेऊन ठेवली, तर लाइनवरून जाते ती तेवढी एकच प्रत. छोट्या शाखांसाठी ‘अपग्रेड शेड्यूल’मध्ये वेळेची चौकट देऊन अपग्रेड अनेक दिवसांत पसरवण्याची सोय पुरेशी ठरते.

वेळेच्या चौकटीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रात्री १० ते पहाटे ४ ही वेळ कागदावर आदर्श दिसते, पण बहुतेक शाखांत संध्याकाळी मुख्य स्विच बंद करूनच कुलूप लावतात. त्या वेळेत अपग्रेड घ्यायला यंत्र चालूच नसते. त्यामुळे दुपारच्या जेवणाची वेळ किंवा व्यवहार बंद झाल्यानंतरचा तास धरावा, अथवा ठरलेल्या दिवशी यंत्रे चालू ठेवण्याची लेखी सूचना द्यावी. महिनाअखेर, पगाराचे दिवस, मार्चचा शेवटचा पंधरवडा आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा वर्ज्य समजावा. शुक्रवारही टाळावा, त्यातून दुसरा किंवा चौथा शनिवार लागून असेल, तर बँकेत अडचण सांगायला सोमवारपर्यंत कोणी नसते.

शाखांना पाठवायची सूचना छोटी आणि निःसंदिग्ध असावी. नमुना असा:

‘बुधवारी दुपारी २ ते ५ या वेळेत आपल्या संगणकावरील अँटिव्हायरसची नवी आवृत्ती मुख्य कार्यालयातून बसवली जाईल. आपण काहीही डाउनलोड करायचे नाही किंवा कोणत्याही दुव्यावर क्लिक करायचे नाही. काम संपल्यावर रीस्टार्ट करण्याचा संदेश येईल. हातातील काम जतन करून दिवस संपण्यापूर्वी संगणक एकदा रीस्टार्ट करावा. केवळ शट डाउन करू नये. अडचण आल्यास आयटी विभागाच्या नेहमीच्या अंतर्गत क्रमांकावर कळवावे.’

दुव्यावर क्लिक करायचे नाही, हे वाक्य गाळू नये. अपग्रेडची बातमी पसरलेली असते त्याच दिवसांत ‘तुमचा अँटिव्हायरस अद्ययावत करा’ असा खोटा ईमेल जास्त सहज खपतो.

रीस्टार्टचे प्रकरण

निम्म्या तक्रारी येथे जन्म घेतात. आवृत्ती बसल्यानंतर रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच आवृत्ती संरक्षण देत असते, त्यामुळे यंत्र मधल्या काळात उघडे राहत नाही. पण कन्सोलमध्ये ते ‘रीस्टार्ट आवश्यक’ या अवस्थेत दिवसेंदिवस अडकून राहू शकते. वापरकर्ता शपथेवर सांगतो की तो रोज संध्याकाळी संगणक बंद करतो आणि सकाळी चालू करतो, आणि तो खोटे बोलत नसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली आणि बहुतेक यंत्रांवर ती मुळातच चालू असते. तीत शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ निवडल्यावरच गाभा नव्याने सुरू होतो व नवे ड्रायव्हर चढतात. वरील सूचनेतील ‘केवळ शट डाउन करू नये’ हे शब्द त्यासाठी आहेत. ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांना एकदम सेटिंग लावण्याच्या विंडोजच्या सोयीने) फास्ट स्टार्टअप बंद करून टाकला तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

सक्तीचा रीस्टार्ट सामान्य गटांवर लावू नये. गटाच्या जनरल सेटिंग्जमध्ये वापरकर्त्याला संदेश देऊन काही वेळ पुढे ढकलण्याची मुभा देता येते. ती द्यावी, पण मुभेला शेवट असावा. दोन दिवस उलटूनही रीस्टार्ट न झालेल्या यंत्रांची यादी शाखाधिकाऱ्याकडे पाठवली की सक्तीची गरज बहुधा पडत नाही.

मागे राहिलेली यंत्रे

पहिल्या दोन दिवसांत आकडा झपाट्याने वर जातो, मग साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. उरलेल्यांची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांना एकगठ्ठा उत्तर नसते.

संपर्कच नाही अशी यंत्रे आधी वेगळी काढावीत. क्लायंटच्या ढालीच्या चिन्हावर हिरवा ठिपका नसेल, तर तो मॅनेजरशी जोडलेला नाही. मॅनेजरचा आयपी पत्ता कधीतरी बदलला आणि या यंत्रापर्यंत ते पोहोचलेच नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. त्याला पुन्हा इन्स्टॉलेशनची गरज नसते, ‘कम्युनिकेशन अपडेट पॅकेज डिप्लॉयमेंट’ने नवा पत्ता कळवला की पुरते.

संपर्क आहे पण आवृत्ती जुनीच, अशा यंत्रावर डिस्कची मोकळी जागा आणि अर्धवट राहिलेला रीस्टार्ट पाहावा. आधीच्या एखाद्या प्रिंटर ड्रायव्हरने किंवा विंडोज अपडेटने फाइली बदलण्याचे काम पुढच्या रीस्टार्टवर टाकलेले असेल, तर अँटिव्हायरसचा इन्स्टॉलर पुढे सरकायला तयार होत नाही. इन्स्टॉलर १६०३ हा त्रुटी क्रमांक देऊन थांबला, तर त्या क्रमांकावरून काहीच कळत नाही; तो विंडोज इन्स्टॉलरचा सरसकट नकार आहे. टेम्प फोल्डरमधील इन्स्टॉलेशनची लॉग फाइल उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. खरे कारण जवळजवळ नेहमी त्याच्या लगेच वरच्या काही ओळींत लिहिलेले असते. पूर्वी वापरात असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसचे अवशेष, बिघडलेली रजिस्ट्री नोंद किंवा अपुरा अधिकार यांपैकी काहीतरी तेथे सापडते.

क्लीनवाइप हे उत्पादकाचे सफाईचे साधन शेवटचा उपाय म्हणूनच वापरावे. ते प्रोग्रॅमचा मागमूस काढते, पण त्यानंतर नवी आवृत्ती बसेपर्यंत यंत्र खरोखरच संरक्षणाविना असते, म्हणून ते नेटवर्कपासून तोडून आणि इन्स्टॉलेशनची फाइल पेन ड्राइव्हवर तयार ठेवूनच चालवावे.

इतर सर्व्हर सर्वांत शेवटी

संस्थेचे इतर सर्व्हर या मोहिमेत स्वयंचलित वेळापत्रकावर ठेवू नयेत. डेटाबेस, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) यांचा स्वतंत्र गट करून त्या त्या प्रणालीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत एकेक हातावेगळा करावा. दोन डोमेन कंट्रोलर असतील तर पहिला रीस्टार्ट होऊन लॉगिन व्यवस्थित होत आहे हे पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. डेटाबेसच्या फाइलींना स्कॅनमधून दिलेली सूट अपग्रेडनंतर पॉलिसीत जशीच्या तशी आहे ना, हे डोळ्यांनी तपासावे. सूट गेली तर प्रणाली बंद पडत नाही, नुसती हळू होते, आणि हळू झालेल्या प्रणालीचे कारण शोधायला बंद पडलेलीपेक्षा जास्त दिवस जातात.

माघारीची तयारीही याच टप्प्याआधी पक्की असावी. क्लायंटला नव्यावरून जुन्या आवृत्तीवर नेण्याची सोपी वाट नाही. नवी आवृत्ती काढून, रीस्टार्ट करून, आधी एक्स्पोर्ट करून ठेवलेले जुने पॅकेज बसवावे लागते. अनइन्स्टॉलसाठी ठेवलेला पासवर्ड कोणाकडे आहे हे त्या क्षणी शोधत बसावे लागू नये. आणि ज्या यंत्रांची डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली आहे, त्यांच्या ४८ अंकी रिकव्हरी की नेटवर्क बंद असतानाही मिळतील अशा जागी असाव्यात. जुलै २०२४ च्या त्या क्राउडस्ट्राइक अपघातात एक फाइल काढून टाकणे एवढीच दुरुस्ती होती, पण प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये आणि बिटलॉकरची की टाकून ती करावी लागत होती. ज्यांच्या की बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांची अवस्था सांगायला नको.

शेवटचा गट झाल्यावर पॅकेजची नेमणूक गटांवरून काढून टाकू नये. रजेवरून परत येणारा लॅपटॉप किंवा दुरुस्तीहून आलेला संगणक पहिल्या संपर्कातच आवृत्ती उचलतो, त्यासाठी ती तशीच असू द्यावी. नव्या संगणकांवर बसवण्यासाठी पेन ड्राइव्हवर आणि सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली जुनी इन्स्टॉलेशन फाइल मात्र बदलावी, नाहीतर पुढच्या महिन्यात जुनी आवृत्ती पुन्हा यादीत डोकावू लागते. अपग्रेड होऊच न शकलेल्या यंत्रांची नावे, प्रत्येकापुढे कारण, जबाबदार व्यक्ती आणि पुढची तारीख, अशी एक पानी नोंद सहीनिशी फाइलला लावावी. लेखापरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो, आणि पुढच्या अपग्रेडची चाचणी यादी करायलाही तीच उपयोगी पडते.